शहापूर तालुक्यातील पाड्याची झरा-पाणी योजना : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते जून 2025

11 जानेवारी 2025, लालबाग

आमच्या गटाच्या आजच्या बैठकीत शहापूर तालुक्यातील पाड्याचे काम हाती घेण्याचे नक्की झाले आणि नोंदी ठेवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. माझी सारी नोकरी मुंबई शहराच्या पाणीपुरवठ्यात गेली. गटातले दोघे स्थापत्य अभियंते आहेत, एक सर तंत्रनिकेतनात शिकवतात आणि एक ताई आरोग्य खात्यातून निवृत्त झालेल्या आहेत. पाड्याचे आणि तिथल्या माणसांचे नाव या वहीत येणार नाही. तसे तिथल्या मंडळींशी बोलूनच ठरवले आहे.

काम याच तालुक्यात का, याची नोंद आधी करतो. मुंबईला रोज सुमारे 3,800 ते 4,000 दशलक्ष लिटर पाणी पुरवले जाते आणि त्यातला फार मोठा वाटा शहापूर तालुक्यातून व त्याच्या शेजारच्या डोंगराळ, आदिवासीबहुल पट्ट्यातून येतो. तानसा 1892 पासून शहराला पाणी देत आहे, एकट्या भातसाचा वाटा निम्म्याच्या जवळपास आहे, आणि मोडकसागर, मध्य वैतरणा व ऊर्ध्व वैतरणा ही धरणेही याच डोंगरांच्या पाण्यावर भरतात. सातही तलावांची पातळी रोज सकाळी सहा वाजता मोजली जाते आणि तिचे आकडे शहरभर वाचले जातात. त्याच पाणलोटातल्या पाड्यांवर मार्चपासून टँकर सुरू होतात, आणि तिथल्या झऱ्याला, विहिरीला आज किती पाणी आहे हे मात्र कोणत्याही कागदावर नसते. आम्ही या पाड्यावर पहिले काम करणार ते मोजण्याचे.

पाड्यात सुमारे चाळीस घरे आहेत आणि माणसे दोनशेच्या आसपास. वरच्या बाजूला म ठाकूर आणि महादेव कोळी समाजाची वस्ती आहे, आणि ओहोळाच्या पलीकडे, उताराला, कातकऱ्यांची दहा-बारा घरे आहेत. खर्डी स्थानकावर उतरून शेअर जीपने डांबरी रस्ता संपेपर्यंत जाता येते; पुढचे अंतर पायी.

26 जानेवारी 2025, पाडा

आज पाड्याची ग्रामसभा होती. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो आणि अशा आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याखाली या पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा जाहीर झालेली असल्यामुळे ठराव पाड्यातच करता येतो, ही मोठी सोय आहे. मात्र गणपूर्ती झाली नाही. काम वनजमिनीत करायचे तर ठराव वनहक्क कायद्याखाली लागतो, आणि त्या कामकाजासाठी ग्रामसभेचे निम्मे सदस्य हजर असावे लागतात आणि हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. कातकरी वस्तीत आज तीनच घरांची दारे उघडी होती. बाकीची कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेली आहेत आणि वरच्या पाड्यातले तरुणही बांधकामाच्या मजुरीवर आहेत.

ही अडचण केवळ एका सभेपुरती नाही. पाण्याची टंचाई ज्या महिन्यांत असते नेमक्या त्याच महिन्यांत निम्मा पाडा बाहेर असतो, आणि बाहेर जाण्याचे एक कारण पाण्याची टंचाई हेही आहे. जी समिती डिसेंबरात नेमली जाते ती एप्रिलात जागेवर नसते. योजना चालवण्याचे काम कोणाकडे द्यायचे हे ठरवताना सर्वांत आधी हे पाहावे लागेल की वर्षभर पाड्यात कोण असते. आजचे उत्तर सरळ आहे : वयस्कर स्त्रिया, अंगणवाडीशी बांधलेल्या आया आणि शाळेत जाणाऱ्या मुली.

जुन्या योजनेची पाहणीही केली. पूर्वी कोणीतरी कूपनलिका घेऊन तिच्यावर सौरपंप बसवला होता. पॅनेल अजून उभे आहे. पंपाचा नियंत्रक बिघडला तेव्हा दुरुस्तीसाठी कोणाला बोलवायचे हे पाड्यात कोणालाच सांगितलेले नव्हते, आणि तोवर कूपनलिकेचे पाणीही एप्रिलपर्यंत टिकेनासे झाले होते. घरांपुढे नळाचे खांब आहेत, तोट्या आहेत. उद्भव, म्हणजे पाण्याचा स्रोत, मात्र नाही.

2 फेब्रुवारी 2025, लालबाग

कालच्या अर्थसंकल्पात, घरोघरी नळाने पाणी देणाऱ्या जलजीवन मिशनला 2028 पर्यंत मुदतवाढ मिळाली. 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालेल्या या कार्यक्रमाचे प्रमाण माणशी रोज 55 लिटर असे आहे. आम्ही तेच धरून हिशेब मांडला : दोनशे माणसांना रोज 11,000 लिटर. उद्भव टिकला तर घरापुढचे ते खांब पुढे कामी येतील, म्हणून आमची वाहिनी त्यांना जोडता येईल अशा मापाचीच घ्यायची.

22 फेब्रुवारी 2025, पाडा

पाड्याच्या वर, चढाने अर्ध्या तासाच्या अंतरावर, वनजमिनीत एक झरा आहे. बायका फेब्रुवारीपासून त्याच्यावरच अवलंबून असतात, कारण गावविहीर तोवर तळाला जाते. या भागात पाऊस 2,500 मिलिमीटरहून अधिक पडतो, तरीही होळीपर्यंत डोंगर कोरडे होतात, कारण बेसाल्टचा कातळ पाणी धरत नाही. वरचा मुरूम आणि भेगाळलेला, मांजऱ्या दगड जेवढे पाणी साठवतो तेवढेच. दोन लाव्हाथरांच्या मध्ये तांबूस, चिकट मातीचा जो थर असतो त्यातून पाणी खाली उतरत नाही, ते आडवे सरकते आणि उताराला जिथे तो थर उघडा पडतो तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. हा झरा अगदी तसाच आहे : लाल पट्ट्याच्या बोटभर वर दगडाच्या फटीतून पाणी येते आणि खालच्या डबक्यात साचते.

डबक्यातले पाणी वाटीने कळशीत भरावे लागते. आधी आलेल्या बाईची कळशी भरून होईपर्यंत दुसरी थांबते, आणि मधल्या वेळात डबके पुन्हा गोळा होऊ द्यावे लागते. आज सकाळी आम्ही गेलो तेव्हा हंड्यांची रांग पायवाटेवर लागलेली होती. शेणाचे पो डबक्यापासून दोन हातांवर होते, कारण गुरेही तिथेच येतात.

फटीच्या तोंडाशी पत्र्याची पन्हळ लावून 15 लिटरची बादली धरली. ती एका मिनिटात भरली. म्हणजे दिवसाला 21,600 लिटर, गरजेच्या जवळजवळ दुप्पट. हा आकडा मी तिथे बसलेल्या आजींना सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, “पाणी हाय, पण रातचं कोण भरणार?”

संपूर्ण योजनेचा आराखडा त्यांच्या या प्रश्नावर उभा राहील. झरा चोवीस तास वाहतो आणि बायका पहाटेपासून दिवस मावळेपर्यंतच भरू शकतात. रात्रीचे पाणी डबक्यातून ओसंडून ओहोळात जाते आणि दगडात जिरते. मे महिन्यात धार तिसऱ्या हिश्श्यावर आली असे धरले तरी चोवीस तासांचे पाणी साठवता आले तर निभावणी होईल. नवा उद्भव शोधण्याची, खोल कूपनलिका मारण्याची गरज नाही. साठवण हवी, आणि ते पाणी पाड्यापर्यंत उतरवणारी वाहिनी हवी. झरा पाड्याहून पुरेसा उंच असल्यामुळे पंप लागणार नाही. तानसाचे पाणी मुंबईपर्यंत उतारानेच येते. ज्या योजनेत पंप नाही ती पंपाच्या बिघाडाने बंद पडत नाही, हे मी नोकरीत पाहिले आहे.

झऱ्यापाशी शेंदूर लावलेला एक दगड आहे. तो जिथे आहे तिथेच राहील आणि बांधकाम त्याच्या डावीकडून होईल, असे पाड्यातल्या जाणत्यांशी बोलून ठरले. आठवीतल्या एका मुलीने रोजची नोंद ठेवण्याची तयारी दाखवली. तिला बादली, घड्याळ आणि वही दिली आहे. रोज सकाळी सहा वाजता, बायकांनी पाणी भरायला सुरुवात करण्याआधी, बादली किती सेकंदांत भरते एवढेच लिहायचे.

15 मार्च 2025, पाडा

होळीसाठी भट्ट्यांवरची माणसे परतली आहेत. म्हणूनच ग्रामसभा आज ठेवली होती. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, सण अजून अंगात असताना, समाजमंदिर भरून गेले. गणपूर्ती झाली आणि स्त्रिया निम्म्याहून अधिक होत्या.

वनहक्क कायद्याच्या, म्हणजे 2006 च्या कायद्याच्या, कलम 3(2) खाली गावाच्या तेरा प्रकारच्या सोयींसाठी वनजमीन वळती करता येते. त्यांत पिण्याच्या पाण्याची योजना आणि जलवाहिन्या स्पष्ट नमूद आहेत. अट अशी की प्रत्येक कामासाठी जमीन एक हेक्टरपेक्षा कमी असावी, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडे तुटू नयेत आणि ग्रामसभेने शिफारस केलेली असावी. आमच्या कामात एकही झाड तुटत नाही. झऱ्याचे पाणी गोळा करणारी बंद पेटी आणि वाहिनीचा अरुंद चर मिळून लागणारी जागा फारच थोडी आहे. ठराव वाचून दाखवला, सह्या आणि अंगठे झाले आणि प्रस्ताव वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांमार्फत उपवनसंरक्षकांकडे पाठवण्यासाठी ग्रामसेवकांच्या हाती दिला.

हे कलम पाड्यापाड्यांत माहीत असायला हवे असे मला फार वाटते. “वनखात्याची जमीन आहे, होणार नाही” या एका वाक्यावर पाण्याची कामे वर्षानुवर्षे अडलेली मी ऐकली आहेत. कायद्याने वाट काढून दिलेली आहे, आणि त्या वाटेवरचे पहिले पाऊल ग्रामसभेने उचलायचे असते.

सभेत पाणी समितीही निवडली. जानेवारीतला अनुभव लक्षात घेऊन, वर्षभर पाड्यात राहणारी व्यक्तीच सदस्य होईल असा नियम आधी मंजूर करून घेतला. सातपैकी पाच स्त्रिया आहेत आणि त्यांतल्या दोघी कातकरी वस्तीतल्या आहेत.

29 मार्च 2025, मुंबई

नागदेवी स्ट्रीटवर दिवस गेला. चाळीस मिलिमीटरचा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप, कातळावरच्या टप्प्यासाठी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, पितळी व्हॉल्व्ह, हवेचा व्हॉल्व्ह, जाळ्या, कप्लर. उद्या पाडवा असल्यामुळे दुकानदार घाईत होते, तरी भाव बरे मिळाले. प्रत्येक व्हॉल्व्ह जोडीने घेतला आहे. सुटे भाग पाड्यातच, समितीच्या पेटीत राहतील. खर्डीपासून मुंबईपर्यंत एका वॉशरसाठी कोणाला यावे लागू नये.

टाकीचा प्रश्न आज निकालात काढला. सरांचा आग्रह फेरोसिमेंटचा, म्हणजे लोखंडी जाळीवर सिमेंट लिंपून केलेल्या टाकीचा, होता. ती टाकी स्वस्त पडते, गवंडीकाम पाड्यातल्या तरुणांना शिकवता येते आणि नीट झाली तर दोन पिढ्या टिकते. माझे म्हणणे असे की तिला निदान आठवडाभर, खरे तर त्याहून अधिक, भरपूर पाणी मारावे लागते आणि आपण ती एप्रिलात बांधणार. त्या दिवसांत बायका ज्या डबक्यातून वाटीने पाणी भरतात त्याच डबक्यातले कित्येक हंडे रोज भिंतीवर ओतायला कोण सांगणार? शेवटी 5,000 लिटरच्या दोन प्लास्टिकच्या टाक्या घेतल्या. त्यांचे आयुष्य कमी आहे आणि त्यांना सावलीची गरज आहे, म्हणून वर कुडाचा मांडव घालायचा. पावसाळ्यानंतर, पाणी मुबलक असताना, फेरोसिमेंटची तिसरी टाकी बांधायची, असे सरांनी मांडले आणि सर्वांना ते पटले.

12 एप्रिल 2025, लालबाग

वनखात्याची लेखी मंजुरी ग्रामसेवकांकडे आली. सोमवारपासून चर खणायला सुरुवात होईल.

मुंबईत 10 तारखेपासून खासगी टँकरचालकांचा संप सुरू आहे आणि शहरातल्या अनेक सोसायट्यांची धावाधाव चालली आहे. आमच्या इमारतीतही आज तीच चर्चा होती. पाड्यावर टँकर कसा येतो, हे मी शेजाऱ्यांना सांगितले : तो आला की पाणी विहिरीत सोडतात, आणि मग बायका चहूबाजूंनी कडेवर उभ्या राहून दोराने ते पुन्हा वर ओढतात. तळाचा गाळ ढवळून निघतो आणि त्यासह पाणी घरात जाते. ऐकणाऱ्यांपैकी दोघांनी पाइपसाठी वर्गणी दिली.

20 एप्रिल 2025, पाडा

झऱ्याचे तोंड उघडण्याचे काम काल आणि आज झाले. याची नोंद सविस्तर करतो, कारण अशा कामात झरा हातचा जाण्याची भीती याच टप्प्यावर असते.

पहार वापरली नाही. डबक्यातला गाळ हातांनी काढला, मग मुरूम थोडा थोडा खरवडत मागे सरकलो, तेव्हा धार एकाऐवजी तीन फटींतून येताना दिसली. तिन्ही लाल थराच्या वरच आहेत. तो थर म्हणजे या झऱ्याची परात. तिला भोक पडले तर पाणी खाली उतरून भलतीकडे निघेल, म्हणून पेटीचा पाया त्या थरात न खणता त्याच्यावर ठेवला. फटींपुढे धुतलेली गोटी आणि खडी भरली. तिथे सिमेंट लावले नाही. पुढची भिंत तेवढी सिमेंटची आहे आणि तिच्यात तीन पाइप आहेत : पाणी नेणारा, तळाशी गाळ काढण्याचा, आणि ओसंडा, म्हणजे जास्तीचे पाणी बाहेर सोडणारा. ओसंड्याची पातळी फटींच्या खाली ठेवली आहे. ती वर ठेवली तर पेटीत पाणी तुंबते, त्याचा दाब मागे फटींवर येतो आणि झरा दुसरी वाट शोधतो. एकदा वाट बदललेला झरा परत आणता येत नाही.

वरून चिकणमातीचा थर ठोकून बसवला आणि त्यावर झाकण. ओसंड्याचे पाणी ओहोळाकडे सोडले आहे आणि खाली गुरांसाठी वेगळी दगडी डोणी ठेवली आहे, म्हणजे जनावरे पेटीपाशी येणार नाहीत. रानातल्या प्राण्यांनाही तिथे पिता येईल. झऱ्याच्या वरच्या अंगाला, आठ-दहा मीटरवर, पावसाचे पाणी बाजूला काढणारा चर खणायचा आहे. त्याची आखणी झाली, खोदाई पुढच्या टप्प्यात.

आजची धार मिनिटाला सहा लिटर, म्हणजे दिवसाला 8,640 लिटर. माणशी 43 लिटर पडतात. वहीतल्या नोंदींवरून धार एकसारखी उतरत आली आहे, कुठेही एकदम तुटलेली नाही.

4 मे 2025, पाडा

वाहिनी पूर्ण झाली. माती आहे तिथे पाइप दोन फूट खोल पुरला आहे. हे कष्ट घेण्याचे कारण वणवा : एप्रिल-मे महिन्यांत डोंगराला आग लागते आणि उघड्यावरचा एचडीपीई पाइप वितळून जातो. कातळावर खणता येत नाही, तिथे जीआय पाइप टाकून दगडांनी जखडला.

पहिल्यांदा पाणी सोडले तेव्हा खाली काहीच आले नाही. मधल्या सोंडेवर वाहिनी थोडी वर चढते आणि तिथे हवा कोंडली होती. उंचवट्यावरचा हवेचा व्हॉल्व्ह मोकळा केला, काही वेळ फुसफुस झाली आणि मग पाणी चालू लागले. हे समितीतल्या दोघींना मुद्दाम दाखवले आणि त्यांच्याच हातून पुन्हा करून घेतले.

11 मे 2025, पाडा

कातकरी वस्तीकडचे नळकोंडाळे, म्हणजे सार्वजनिक नळांचा ओटा, अडले आहे. ती घरे ज्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या आहेत ती सातबाऱ्यावर दुसऱ्याच्या नावे आहे आणि जमीनमालकाने वाहिनी नेण्यास हरकत घेतली. आज पाणी आले तर उद्या ही माणसे जागेवर हक्क सांगतील, अशी भीती त्यांच्या बोलण्यात होती. कातकरी ही महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात आहे, आणि राहत्या घराखालची जमीन नावावर नसणे हे त्यांच्या पुष्कळशा वस्त्यांचे दुखणे आहे. पाण्याचे काम करणाऱ्याला ते बाजूला ठेवून पुढे जाता येत नाही, कारण पाइप शेवटी त्याच जमिनीतून न्यावा लागतो.

सध्याचा तोडगा असा : ओहोळाच्या सरकारी हद्दीत, वस्तीच्या अगदी काठाला, नळकोंडाळे उभारायचे. शेवटच्या घरापासून ते शंभर पावलांच्या आत येते. आमच्यापैकी काहींना वाटत होते की वरच्या पाड्यातली तीन कोंडाळी आधी चालू करावीत आणि हे नंतर पाहावे. ताईंनी आणि मी त्याला ठाम नकार दिला. पहिल्या दिवशी ज्यांना पाणी मिळत नाही त्यांचे “नंतर” फार लांबते. चारही कोंडाळी एकाच दिवशी सुरू होतील.

मालकांनी स्वतःच्या शेतात कूपनलिका घेण्याचाही विषय काढला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही, हे त्यांना शांतपणे सांगितले. तलाठी भाऊसाहेबांशी बोलून झऱ्याची नोंद सार्वजनिक उद्भव म्हणून करून घ्यायची आहे.

18 मे 2025, पाडा

चारही कोंडाळ्यांना आज पाणी आले. रात्रभर टाक्या भरू दिल्या होत्या आणि सकाळी सहा वाजता समितीतल्या मावशींनी चावी फिरवली. मुंबईत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कामगाराला आम्ही चावीवाला म्हणतो आणि वस्तीवस्तीत त्याची वेळ लोकांना पाठ असते. इथे दोघी चावीवाल्या आहेत, एक वरच्या पाड्यातली आणि एक कातकरी वस्तीतली. सकाळी सहा ते साडेसात आणि संध्याकाळी पाच ते सहा, अशी वेळ त्यांनीच ठरवली. वरच्या कोंडाळ्यांचे व्हॉल्व्ह थोडे आवळून ठेवले आहेत, नाहीतर उताराच्या शेवटच्या कोंडाळ्याला करंगळीएवढी धार आली असती. ती आवळण किती असावी हे दोघींनी चारही ठिकाणी हंडा भरण्याची वेळ मोजून बसवले. त्यात माझा हात लागला नाही.

क्लोरीनसाठी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, हजार लिटरला पाच ग्रॅम. दोन्ही टाक्या भरलेल्या असतील तर पन्नास ग्रॅम, त्यासाठी मापाचा चमचा ठरवून दिला आहे. पावडर बादलीत कालवायची, निवळी टाकीत सोडायची, चोथा फेकून द्यायचा, अर्धा तास थांबायचे आणि मगच चावी उघडायची. शेवटच्या नळाला, क्लोरीन तपासणाऱ्या ओटी चाचणीत, पिवळा रंग आला पाहिजे, म्हणजे लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे. आज तो आला. पुष्कळांनी औषधाचा वास येतो म्हणून तोंड फिरवले आणि दोन घरांनी पिण्यासाठी जुन्या डबक्यातल्या चवीचेच पाणी हवे म्हटले. ताईंनी पाणी रात्री भरून, झाकून ठेवून सकाळी प्यायला सांगितले. वास बराच उतरतो. गेल्या पावसाळ्यात कोणाकोणाच्या घरी जुलाब-हगवण झाली याची उजळणी बायकांनी स्वतःच केली आणि मग चर्चा पुढे गेली.

धार मिनिटाला पाच लिटर. दिवसाला 7,200, माणशी 36 लिटर. पिणे, स्वयंपाक आणि अंघोळ यांत भागते. कपडे अजून ओहोळात खणलेल्या डवऱ्यावर धुवावे लागतील.

27 मे 2025, लालबाग

मोसमी पाऊस काल मुंबईत दाखल झाल्याचे हवामान विभागाने जाहीर केले. एरवीची तारीख 11 जून. 1950 पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. शहापुरातही जोरदार पडला. झऱ्याच्या वरच्या अंगाचा चर निम्माच खणून झाला होता, त्यामुळे काल दुपारी डोंगरावरचे पहिले पाणी पेटीवरून वाहिले आणि टाकीत तांबडे पाणी आले.

चावीवाली मावशींनी फोन करण्याआधीच टाकीकडे येणारा व्हॉल्व्ह बंद केला होता आणि पेटीचा गाळपाइप उघडला होता. एका टाकीत आदल्या रात्रीचे स्वच्छ पाणी होते. तेवढेच पिण्यासाठी सोडले, हंड्यामागे ठरवून. गढूळ पाण्यात पावडर टाकून उपयोग नसतो, कारण क्लोरीन मातीतच खर्ची पडतो, हे प्रशिक्षणात सांगितले होते आणि त्यांनी ते पाळले. पावसाने उघडीप देताच चर पूर्ण करायला पाड्यातली माणसे स्वतःहून निघाली आहेत.

तांत्रिक बाजूने एक गोष्ट नोंदवून ठेवतो. पाऊस लवकर आल्यामुळे झऱ्याचा खरा नीचांक आपल्याला मोजता आला नाही. ज्या वर्षी पाऊस 15-20 जूनपर्यंत लांबेल त्या वर्षी धार पाच लिटरच्या खाली जाईल, किती खाली ते या वहीवरून सांगता येत नाही. म्हणून तालुक्याच्या टंचाई आराखड्यातून या पाड्याचे नाव लगेच काढू नये, असे पत्र समितीने पंचायत समितीला द्यायचे आहे. योजना झाली की टँकरच्या यादीतून नाव वगळण्याची घाई होते आणि नंतर ते पुन्हा घालून घेणे फार कठीण जाते.

8 जून 2025, पाडा ते मुंबई

चर पूर्ण, दगडी पिचिंगसह (दगडांचे अस्तर). पाणी नितळ आहे. धार बादलीला वीस सेकंदांवर आली.

पेटी, टाकी आणि शेवटचे कोंडाळे अशा तीन ठिकाणचे नमुने घेतले. नळाचे तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पेटवून निर्जंतुक केले, पाणी दोन मिनिटे वाहू दिले आणि मग बाटली भरली. क्लोरीन असलेल्या पाण्याच्या बाटल्यांत सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेले असते, नाहीतर वाटेतल्या वाटेत क्लोरीन आपले काम करत राहते आणि अहवाल खोटा चांगला येतो. बर्फाच्या डब्यात नमुने घेऊन खर्डीहून लोकल पकडली. नमुना सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावा ही अपेक्षा. आज तो पोहोचला. पाड्यात समितीनेही जंतुसंसर्ग ओळखणाऱ्या एचटूएसच्या कुप्या भरून ठेवल्या आहेत. पाणी चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत काळे पडले तर विष्ठेचा संसर्ग असल्याचा संशय धरायचा. कुपीला प्रयोगशाळा लागत नाही, वीज लागत नाही, आणि निकाल डोळ्यांना दिसतो, म्हणून पाड्यासाठी मला तीच अधिक मोलाची वाटते.

28 जून 2025, लालबाग

अहवाल आले. टाकीत आणि नळाला 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) आढळले नाहीत, जे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाला, म्हणजे आयएस 10500 ला, धरून आहे. क्षार, नायट्रेट आणि फ्लोराइड मर्यादेत आहेत. पेटीतल्या, क्लोरीन न घातलेल्या नमुन्यात मात्र जंतू आढळले आणि पाड्यातली त्याच ठिकाणची कुपीही काळी पडली. पावसाळ्यात क्लोरीन एकही दिवस चुकवून चालणार नाही, हा त्याचा अर्थ आज फोनवर समितीला सांगितला. पावडर दमट हवेत लवकर निकामी होते, म्हणून ती झाकणाच्या डब्यात, थोडी थोडीच आणून ठेवायची.

समितीने घरामागे महिन्याला तीस रुपये ठरवले आहेत. भट्टीवर गेलेल्या घरांनी बाहेरच्या महिन्यांचे पैसे द्यायचे नाहीत, हा निर्णय त्यांचाच. दोघी चावीवाल्यांचे मानधन एवढ्यातून निघत नाही. पेसाच्या पाच टक्के अबंध निधीतून (ज्याचा खर्च ग्रामसभा ठरवते) ते मिळावे असा ठराव पुढच्या ग्रामसभेत मांडला जाईल आणि त्याचा मसुदा मी या आठवड्यात पाठवतो.

राहिलेली कामे : झऱ्याची सार्वजनिक उद्भव म्हणून नोंद, ज्यासाठी तलाठ्यांकडे अर्ज दिला आहे पण उत्तर नाही, कातकरी वस्तीच्या घरठाणाचा अर्ज, ज्याची कागदपत्रे ताई गोळा करत आहेत, आणि ऑक्टोबरात फेरोसिमेंटच्या टाकीचे काम, म्हणजे भट्ट्यांवर जाण्याआधी तरुण पाड्यात असतानाच. वही भरत आली होती, नवी पाठवली आहे.